आई-बाबा, टीव्ही तोच राहणार आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

पार्सल उघडलंत की आधी हे वाचा, मग बाकीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब लिहिलं तर बाबा वाचत नाहीत आणि आई न वाचताच अंगठा पाठवते, म्हणून छापून खोक्यात टाकतेय. अक्षर मोठं ठेवलंय, चष्मा शोधायला नको.

आधी निर्णय सांगते म्हणजे भांडण एकदाच होईल. मोठा टीव्ही घेत नाहीये. आपल्या त्याच ३२ इंची टीव्हीला मागून लावायची, इंटरनेटवरच्या मालिका दाखवणारी स्टिक पाठवतेय आणि इंटरनेटसाठी फायबरचं कनेक्शन बुक केलंय. पैसे भरून झालेत बाबा, त्यामुळे "कॅन्सल कर" म्हणून फोन करू नका, होत नाही.

आता का ते. बाबा फोनवर आंब्याच्या मोहोराचं सांगता सांगता सहज बोलून गेले की आपल्या दूरदर्शनच्या फ्री डिशवर तिच्या मालिका लागत नाहीत म्हणून आई रोज रात्री आठ वाजता बॅटरी घेऊन सुमीकाकूकडे मालिका बघायला जाते. पावसातसुद्धा जात होतीस गो? त्या पाखाडीच्या दगडी वाटेवर आषाढात शेवाळ कसं धरतं ते मला सांगायला नको, आणि आगरातून शॉर्टकट मारत असशील तर फुरसं काय टॉर्च बघून बाजूला होणार आहे का. त्यात तुझा तो गुडघा. मी इथे डोंबिवलीच्या गर्दीत लोंबकळत असते आणि आठ वाजले की माझ्या डोक्यात ती पाखाडी. रागावत नाहीये. तुला काकूकडे जायचं असतं ते नुसतं मालिकेसाठी नसतं हे मला कळतं, तिथे दोन घटका बोलणं होतं, चहा होतो. ते बंद करू नकोस. फक्त दुपारी जा, उजेडात, आणि रात्री काकूला आपल्याकडे बोलाव, तिचा मुलगा तिला सोडायला येईलच.

बाबा, तुम्ही फ्री डिश बसवलीत ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आताही पटतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात अर्धं छप्पर आणि जुनी डिश एकदमच गेली, कौलं आणायची की महिन्याचं पॅकेज भरायचं, त्यात माणूस कौलंच आणणार ना. आणि फ्री डिश कुठेही जात नाहीये, हे दोनदा वाचा. सह्याद्रीच्या बातम्या आहेत तिथेच, त्याच रिमोटवर, त्याच नंबरवर. मी काही काढत नाहीये, फक्त एक जोडतेय.

दादाचं म्हणणं वेगळं होतं, तुम्हाला त्याचा फोन आलाच असेल. तो म्हणतो ५५ इंची घ्या, मी निम्मे देतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, आता नाही तर कधी. त्याचं मन मोठंच आहे, पण तो आपल्या घरी बसून टीव्ही बघायला किती येतो? तुमच्या आरामखुर्चीपासून टीव्ही पाच-सहा फुटांवर, तेवढ्यावर ३२ पुरतो, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तर तुम्हीच म्हणालात की खालची पट्टीसुद्धा वाचता येतेय. आणि फ्री डिशचं चित्र मोठ्या फोरके पडद्यावर ताणलं की उलट भुरकट दिसतं, मग तुम्ही म्हणणार नवा टीव्ही बिघडका निघाला. शिवाय जांभ्याच्या भिंतीत एवढं धूड टांगायचं म्हणजे प्लग सैल होऊन कधी खाली येईल ही धास्ती, ती फळी ठोकतानाचं सगळं तुम्हाला आठवत असेलच.

दापोलीच्या बाजारातला स्वस्त 'स्मार्ट' टीव्हीसुद्धा बघून झाला माझा, तुमच्या जावयाला पाठवलं होतं. त्यात गोची अशी की खोक्यावर अँड्रॉइड लिहिलेलं असतं पण आत मोबाईलचं अँड्रॉइड कोंबलेलं, टीव्हीसाठीचं गुगलचं सर्टिफाइड नाही, मग काही अ‍ॅप उघडतच नाहीत आणि उघडली तर चित्र धूसर. रॅम एक जीबी. आज चालेल, दोन वर्षांनी अ‍ॅप मोठी झाली की बटण दाबून चहा करून यावा लागेल. टीव्हीचा पडदा दहा वर्षं जातो पण आतलं डोकं आधी म्हातारं होतं, म्हणून मला डोकं वेगळं घेतलेलं बरं वाटलं, बिघडलं तर तेवढंच बदलायचं, काही हजारांत काम. उरलेल्या पैशातून इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घ्या, ते जास्त गरजेचं आहे आणि ते तुम्ही मला सांगत नाही.

आई, तुला मोठा हवा होता मला माहितीय. काकूकडचा ४३ इंची बघून आलीस तेव्हाचा तुझा आवाज ओळखला मी, लहानपणी जत्रेत मी फुग्याकडे बघायचे आणि "नको मला" म्हणायचे तस्सा. हा टीव्ही गेला की तुझ्या पसंतीचा घेऊ, रंगासकट.

आता जोडणी. शेजारच्या बंड्याला बोलवा, पण त्याने घाई केली तर हे वाचून दाखवा. टीव्हीच्या मागे एचडीएमआय लिहिलेली चपटी खोबण आहे, त्यात स्टिक. टीव्ही भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर खोक्यात बोटभर वायर आहे ती मध्ये लावायची. स्टिकची पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, तिथून करंट पुरत नाही आणि मग ती आपोआप बंद-चालू होत बसते, सोबतचा अ‍ॅडॅप्टर बोर्डात लावा. डिशच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना आहेत तशाच राहू द्या, त्यांना हात नाही लावायचा.

मग रिमोट दोन नाहीत, तीन होणार, हे मला मान्य आहे आणि याबद्दल जे काय बोलायचं ते बोलून घ्या. टीव्हीच्या रिमोटवर (रबरबँड लावलेला तो) 'सोर्स' बटणावर मी गेल्या वेळी आईचं लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय. ते दाबून एव्ही केलं की डिश, एचडीएमआय केलं की स्टिक. "सगळं गेलं, पडदा काळा" असं वाटलं की दहातल्या नऊ वेळा फक्त हेच असतं. स्टिकच्या छोट्या काळ्या रिमोटवर माईकचं बटण आहे, ते दाबून धरायचं आणि मालिकेचं नाव बोलायचं, हिंदीत सांगितलं तरी कळतं. मालिका निघाली की आई, ती चुकली म्हणून गॅस बारीक करून पळत यायची गरजच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आमसुलं वाळत घालून झाली की बघ.

प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर येतात, झी मराठीच्या झी५ वर. दोन्ही घेतले नाहीत, उगाच डबल खर्च, तुझ्या जास्त मालिका प्रवाहच्या आहेत म्हणून तेच घेतलंय. नेटफ्लिक्स नाही घेतलं, त्याचा १४९ चा प्लॅन मोबाईल आणि टॅबवरच चालतो, टीव्हीला १९९ चा लागतो, आणि तुम्हा दोघांच्या कामाचं तिथे फारसं काही नाही. बाबांना यूट्यूब फुकट आहे, नाट्यसंगीत आणि कीर्तनं संपता संपणार नाहीत. आवाजावरून तुमची दोघांची जुंपते त्यावरही इलाज आहे, स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो, मी आले की आणते. बाबांनी कानात घालायचा, आईने शांत जपाला बसायचं.

फायबर का, मोबाईलवर का नाही? कारण बाबांचा रोजचा दीड जीबी एचडी चित्राला अर्धा तास पुरतो, तासाला तीन जीबीपर्यंत जातो. साधं चित्र ठेवलं तरी तासाला एक जीबी. म्हणून फायबर, महिन्याला चारशेच्या आसपास अधिक १८ टक्के जीएसटी, माझ्या खात्यातून जाईल. ३० एमबीपीएसचं आहे, आपल्याला एचडीला पाचसुद्धा बास होतात. राउटर माजघरात नको, टीव्हीच्या खोलीतच ठेवायला सांगा, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय दमतं. दोन नावं दिसली तर शेवटी ५जी लिहिलेलं आहे ते सोडून दुसरं पकडायचं, ते भिंतीपलीकडे जरा बरं पोचतं.

आता ऐका, हे मात्र बजावून सांगते. आभाळ भरून आलं, पाऊस वळवाचा असो की ऑक्टोबरातला, की वीज कडाडायच्या आधीच टीव्हीचा, स्टिकचा आणि राउटरचा प्लग काढायचा आणि छपरावरच्या डिशकडून येणारी वायरसुद्धा सोडवायची (त्या रंगीत पिना नव्हेत). बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही बाबा. ओल्या फडक्याने पडदा पुसायचा नाही, खारा वारा आहे, सुकं मऊ कापड, तेही आठवड्यातून एकदा. पडद्यावर "या नंबरवर फोन करा", "अ‍ॅक्टिव्हेशनचे पैसे भरा" असं काहीही आलं तर टीव्ही बंद करून मला फोन. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तिथेच चोर बसलेत. ओटीपी कोणालाही नाही, बंड्यालाही नाही. सगळं माझ्या नावावर आहे, तुमचं कार्ड कुठेच टाकलेलं नाही, त्यामुळे पैसे मागणारा खोटाच असणार.

होळीला मला यायला जमत नाहीये, हे फोनवर सांगायचं होतं पण आईने लगेच नारळ कुठल्या माडाचे उतरवायचे ते विचारायला घेतलं, मग राहिलं. ऑफिसात मार्चअखेर आहे. मेमध्ये नक्की येते, आंबे ठेवा. तोवर रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल करते, मोबाईल टीव्हीसमोर धरायचा, छताकडे नाही, आणि मला पडदा दिसला की आपण सगळं सुरू करू. नाही झालं तरी डिश चालूच आहे, घाबरायचं काही नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ठकी

ता.क. बाबा, खोका बंबात घालू नका. वॉरंटीचं बिल आतल्या झाकणाला चिकटवलंय, एक वर्ष जपून ठेवायचंय. आणि हेच सगळं दादाला मी सांगते, तुम्ही मध्ये पडू नका.