परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: एच-वन-बीच्या गलक्यात विद्यार्थ्यांचे 36 महिने विसरू नका

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे. नोकरीची शेवटची काही वर्षे पुण्यात शैक्षणिक कर्जांच्या टेबलावर गेली. अमेरिकेत एम.एस. करायला निघालेल्या मुलामुलींच्या फायली रोज समोर असायच्या. व्हिसाच्या राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच. पण या प्रश्नाबद्दल दिल्लीतून जे बोलले जाते, त्याचा त्या फायलींशी मेळ बसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी फाइल कशी असते ते सांगतो. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज विनातारण मिळते. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एम.एस.ला राहण्या-खाण्यासकट 40 ते 60 लाख लागतात, म्हणजे तारण आलेच. शेतजमीन तारण म्हणून चालत नाही. त्यामुळे संगमनेर किंवा बार्शीकडच्या कुटुंबाची दहा एकर बागायत असली तरी गाडी अडते ती एन.ए. (बिगरशेती) प्लॉट आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यापाशी. मग पिंपरीतल्या मामाचा फ्लॅट पुढे येतो, नाहीतर आत्याचा दुकानगाळा. सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखत, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही. मुलगा एकटा जातो, पण मागे दोन-तीन घरे अडकलेली असतात.

फायलीत अपेक्षित उत्पन्नाचा एक रकाना असतो. तिथे पुण्यातला पगार कोणीच लिहीत नाही, कारण तो लिहिला तर कर्ज मंजूरच होणार नाही. 45 लाख, साडेदहा टक्के व्याज, 12 वर्षे मुदत धरली तर हप्ता 55 हजारांच्या आसपास येतो आणि शिकण्याच्या काळातले व्याज त्यावर वेगळे. हिंजवडीत नवा इंजिनिअर साडेतीन-चार लाखांच्या वार्षिक पॅकेजवर लागतो, म्हणजे त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास दुप्पट हप्ता. तेव्हा रकान्यात डॉलरमधला पगारच लिहिला जातो. तो पगार मिळण्याचा कायदेशीर आधार एच-वन-बी, म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांना मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा, नसतो. तो असतो ओपीटी, म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग.

हे आपल्याला मी सांगायला नको. आपण 2013 ते 2015 या काळात वॉशिंग्टनला राजदूत होतात. पण वाचकांसाठी थोडक्यात: शिक्षण संपल्यावर विद्यार्थी-व्हिसावरच 12 महिने नोकरी करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांतल्या पदवीधरांना 2008 मध्ये त्यावर 17 महिने वाढवून मिळाले, 2016 मध्ये ते 24 झाले. एकूण 36. या काळात सगळे मिळून 150 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलात तर मुक्काम बेकायदा. दरवर्षी मार्चमध्ये एच-वन-बीची सोडत निघते. 65 हजार जागा, शिवाय अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी 20 हजार. 36 महिन्यांत साधारण तीन सोडती मिळतात. लागली तर पुढची सहा वर्षे, नाही लागली तर बॅगा भरायच्या.

सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. हे साधारण 90 लाख रुपये होतात. आपल्याकडे एकच गहजब झाला. आपल्या मंत्रालयाचे निवेदन दुसऱ्याच दिवशी आले आणि त्याचा सूर उद्योगाचा होता. वाहिन्यांवर चर्चाही आयटी कंपन्यांच्या शेअर्सची. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जे स्पष्ट केले ते मात्र आतल्या पानावर गेले: जो विद्यार्थी अमेरिकेतच आहे आणि तिथूनच एफ-वनवरून (विद्यार्थी-व्हिसावरून) एच-वन-बीवर जातो, त्याच्यासाठी कंपनीला ही रक्कम भरावी लागत नाही. तोच मुलगा परत आला आणि कंपनीने त्याला पुण्याहून बोलावले, तर भरावी लागते.

म्हणजे ते 36 महिने पूर्वी सोयीचे होते, आता त्यांच्याशिवाय वाटच नाही. पुण्यात बसलेल्या ताज्या पदवीधरासाठी 90 लाख कोण भरणार? अमेरिकेत ओपीटीवर असलेल्याचा विचार निदान होईल तरी.

आणि नेमक्या याच 36 महिन्यांवर आता नजर आहे. अमेरिकी इमिग्रेशन खात्याचे संचालक जोसेफ एडलो यांनी मे 2025 मध्ये, नेमणुकीआधीच्या सुनावणीत, सिनेटच्या समितीपुढे स्वच्छ सांगितले होते की शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची परवानगी काढून टाकावी असे त्यांना वाटते. ऑगस्टमध्ये विद्यार्थी-व्हिसाला चार वर्षांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला. डिसेंबरमध्ये सोडतीचा नियम बदलला. आता पगाराच्या चार पातळ्या पाडल्या आहेत. वरच्या पातळीच्या उमेदवाराची चिठ्ठी चारदा पडणार, खालच्याची एकदाच. त्या खात्याचाच अंदाज आहे की पहिल्या पातळीवरच्या अर्जाची निवड होण्याची शक्यता साधारण 30 टक्क्यांवरून 15 वर येईल. तीन सोडतींचा हिशेब मी बँकेच्या सवयीने मांडून पाहिला: मुलगा त्याच पातळीवर राहिला तर तीन वर्षांत नंबर लागण्याची शक्यता शंभरात 65 होती, ती 39 होते. कर्जाच्या फायलीत हा आकडा लिहायचा नियम असता, तर मंजुरीच्या किती सह्या झाल्या असत्या, मला शंका आहे.

2024-25 या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत 3 लाख 63 हजार भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले 1 लाख 40 हजारांहून अधिक ओपीटीवर, म्हणजे वर्गात नव्हे, कामावर. त्यांची संघटना नाही, लॉबी नाही. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी असेल तर ते आपले मंत्रालय. आणि आपण बोलता तेव्हा त्यांना कंपन्यांच्या रांगेत उभे करता. माझी तक्रार नेमकी ही आहे.

आयटी सेवा-कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या पुण्यातला किंवा बंगळूरचा आपला कर्मचारी तिकडच्या ग्राहकाकडे पाठवतात. एम.एस. झालेल्याने अमेरिकी विद्यापीठाला फी भरली आहे, तिथल्या वर्गात बसून परीक्षा दिली आहे, नोकरीही तिथल्या बाजारात शोधली आहे. पण मंजूर एच-वन-बी अर्जांतले 70 टक्क्यांहून अधिक भारतीयांचे, एवढेच तिथल्या लोकांना दिसते. त्यात कंत्राटी कोण आणि पदवीधर कोण, हे वेगळे करून सांगण्यात आपल्यालाही रस नाही. मग एकाच्या पापाचे माप दुसऱ्याच्या पदरात पडते.

पाप हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सुमारे 250 संगणक-कर्मचाऱ्यांना काढले आणि जाण्याआधी आपली जागा घेणाऱ्यांना काम शिकवायला लावले. 2015 मध्ये हे उजेडात आले. त्या जागा घ्यायला आलेले लोक कंत्राटी कंपन्यांमार्फत व्हिसावर आणलेले होते. पुण्यातल्या एखाद्या कारखान्यात परप्रांतीय कंत्राटदाराने असे केले असते, तर संध्याकाळच्या आत गेटवर काय झाले असते ते मी सांगायला नको. सोडतीतही लबाडी झाली. नोंदणीची फी 10 डॉलर होती तेव्हा एकाच उमेदवाराच्या नावाने चार-चार कंपन्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका वर्षी नोंदणी पावणेआठ लाखांच्या पुढे गेली. 2024 मध्ये माणशी एकच चिठ्ठी केली तेव्हा आकडा धाडकन 4 लाख 80 हजारांवर आला. या लबाडीचा पहिला फटका कोणाला बसला? सरळ मार्गाने एकच अर्ज भरलेल्या आपल्याच मुलांना.

तिथल्या तरुणांची चिडही खोटी नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये दिलेल्या आकड्यांत संगणकशास्त्राच्या ताज्या पदवीधरांतली बेकारी 6.1 टक्के आणि संगणक अभियांत्रिकीची 7.5 टक्के होती. अशा वेळी गूगलचे पिचाई आणि मायक्रोसॉफ्टचे नडेला यांची नावे घेऊन 'आमच्याशिवाय तुमचे चालणार नाही' असे सुनावणे म्हणजे जखमेवर मीठ. ही भाषा आपल्याकडच्या सभांमध्ये टाळ्या मिळवते. ओहायोमधल्या बेकार पदवीधराचे आई-बाप ती ऐकतात, तेव्हा ते आपल्या प्रतिनिधीला फोन लावतात.

आता एक सूचना करतो. ती विद्यार्थ्यांना आवडणार नाही, आणि माझ्या ओळखीतल्या काहींना तर अजिबात नाही.

ओपीटीवरच्या मुलांविरुद्धचा सगळ्यात टोकदार मुद्दा असा आहे की ती करामुळे स्वस्त पडतात. विद्यार्थी-व्हिसावरच्या परदेशी व्यक्तीला पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा (वृद्धांचा आरोग्यविमा) कर लागत नाही. हा कर कर्मचाऱ्याकडून 7.65 टक्के आणि मालकाकडूनही तेवढाच असतो. 80 हजार डॉलरच्या पगारावर मालकाचे वर्षाला 6,120 डॉलर वाचतात. अमेरिकी मुलगा घेतला तर ते भरावे लागतात. यावर आपल्या बाजूने कोणाकडेच धड उत्तर नाही. ही सवलत काढण्याची विधेयके तिथल्या काँग्रेसमध्ये आली आहेत. माझे म्हणणे असे, की भारताने तिच्यासाठी भांडू नये. उलट आपणहून सांगावे: आमच्या मुलांकडून आणि त्यांच्या मालकांकडून हा कर घ्या, 36 महिन्यांना हात लावू नका आणि घेतलेला पैसा बुडू देऊ नका.

बुडू देऊ नका, कारण तो बुडतोच. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळायला 40 तिमाह्या, म्हणजे 10 वर्षांचा भरणा लागतो. एच-वन-बी सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत न टिकता जो परततो, त्याचा भरणा तिथेच राहतो, कारण एका देशातला भरणा दुसऱ्यात धरणारा सामाजिक सुरक्षेचा करार या दोन देशांत नाहीच. जर्मनीशी असा करार आपण कधीच केला आहे. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, तेव्हा तिथे तात्पुरत्या कामावर पाठवलेल्यांना तीन वर्षे दुहेरी भरण्यातून सूट मिळवलीत, ती चांगलीच गोष्ट झाली. पण बघा, तिथेही फायदा कंपनीने पाठवलेल्या माणसाचाच. स्वतःच्या कर्जावर शिकून नोकरीला लागलेल्याचा नाही.

पगारातून 7.65 टक्के गेले तर हप्त्याची ओढाताण वाढेल, हे मला कळते. तरीही तीन वर्षे कर भरून काम करणे हे तीन वर्षेच हातची जाण्यापेक्षा बरे. कुठलाही कर्जदार हेच निवडेल. वॉशिंग्टनशी व्यापाराच्या वाटाघाटींत डाळी, सफरचंदे, विमाने सगळे टेबलावर येते. त्यात ओपीटी हा शब्द स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहिला जावा, एवढीच मागणी आहे. अमेरिकेलाही यात तोटा नाही. शिकवलेले माणूस तीन वर्षे कर भरून काम करून जाते.

दुसरे काम वॉशिंग्टनला न विचारता करता येण्यासारखे आहे. फर्ग्युसन रस्त्यावरून चालत गेलात तर परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या मोजता येणार नाहीत. यांतले बरेच जण मुलाकडून फी घेतात आणि विद्यापीठाकडून कमिशनही. आखाती देशांत मजूर पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली आपल्या मंत्रालयाचा परवाना लागतो. 50 लाखांच्या कर्जावर विद्यार्थी पाठवणाऱ्याला असा परवाना लागत नाही. सोडत हुकल्यावर 'पहिल्या दिवसापासून काम' देणारी कॉलेजे सुचवणारेही हेच. जानेवारी 2019 मध्ये मिशिगनमधले फार्मिंग्टन विद्यापीठ हा अमेरिकी सरकारनेच लावलेला सापळा निघाला. अटक झालेल्या 130 जणांत 129 भारतीय होते. तेव्हा आपल्या मंत्रालयाने निषेध नोंदवला, मुलांना वकिलाची मदतही दिली. ज्यांनी त्यांना तिथवर पोचवले, त्या धंद्याला मात्र आजही आपल्या मंत्रालयाच्या परवान्याची गरज नाही.

मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थ्यांची नोंद करण्याची सोय आहे. त्या नोंदींवरून किती जण ओपीटीवर आहेत, किती परतले, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा. बँकांनी मंजुरीपत्रासोबत एक पान जोडावे: या शाखेसाठी कामाची मुदत किती, गेल्या सोडतीचा दर काय, 150 दिवसांचा नियम काय. वडिलांची सही त्या पानावरही घ्यावी. अर्थमंत्रालय आपले नाही, पण आपल्या एका पत्राने हे होईल. आणि ते पान मराठीतही असावे, कारण गहाणखतावर अंगठा किंवा सही करणाऱ्या आजी-आजोबांना इंग्रजी अटी वाचता येत नाहीत, हे मी टेबलापलीकडून पाहिले आहे.

पुढच्या तुकडीच्या मुलाखती मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात उन्हाळ्यात होतील आणि जून-जुलैत कर्जाचे पहिले पैसे विद्यापीठांच्या खात्यात जातील. एकदा ते गेले की फाइल बँकेला मागे घेता येत नाही आणि घरच्यांनाही नाही. त्याआधी आपल्याकडून किमान एवढे कळावे, की ओपीटीबद्दल भारत सरकारची भूमिका काय आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे