बाबा, आता गाडी उतारावर लावायची नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

काल सांगलीला नीट पोचले, पेठ नाक्यापर्यंत रस्ता मोकळाच होता. गाडी चालू का होत नव्हती ते फोनवर अर्धवटच सांगून झालं म्हणून लिहिते.

बाबा, तुमची जुनी बॅटरी बहुतेक चांगलीच असणार. त्या गॅरेजवाल्याने नवी घ्यायला लावली, पैसे गेले आणि त्रास तोच, कारण दोष सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या, मोटरमध्ये होता. मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, दिवे लख्ख, आणि चावी फिरवली की नुसतं टक्. बॅटरी उतरली असती तर त्या टकबरोबर दिवे पार मंद झाले असते. म्हणून तर तुम्हाला न्यूट्रल करून चावी धरायला सांगितली आणि मी मोटरच्या बॉडीवर पान्याने हलकेच ठोकलं, लगेच फिरली, म्हणजे आतले कार्बन, फिरत्या भागाला घासून वीज देणारे ते तुकडे, संपलेत हे तिथंच कळलं.

मोटर काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली ती का, तुम्ही विचारत होता ना? मोटरवर येणारी जाड केबल थेट बॅटरीवरून येते, मध्ये फ्यूज नसतो, पाना त्या नटावर असताना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. खालचा बोल्ट गंजून बसला होता, त्यावर तेल सोडून चहा घेतला तेव्हा कुठे हलला. आणि उघडल्यावर तुम्ही स्वतः बघितलंत, एक कार्बन नखाएवढा उरलेला, दुसरा त्याच्या खाचेतच अडकलेला, सगळी काळी पूड. पोवई नाक्यावरून आणलेली मोटर बसवण्याआधी दाते आणि बोल्टची भोकं जुनीशी ताडून बघितली, अर्थिंगची पट्टी घासून साफ केली, आता अर्ध्या चावीत चालू होते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. आई मागून धक्का देते हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने गाडी ढकलायची? आणि बाबा, शाहूपुरीच्या त्या उतारावर बंद गाडी सोडून क्लच सोडायचा, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंगही जड जातं, समोरून शाळेची पोरं आली तर काय कराल? मला खूप भीती वाटली हो. एक फोन केला असतात तर मी महिन्यापूर्वीच आले असते, सांगली काय लांब आहे का. अशी गोष्ट माझ्यापासून लपवू नका.

आता गाडी सपाट जागेवर लावा. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांच्या वर मारू नका, नाही लागली तर मिनिटभर थांबा, मोटर तापते. पुन्हा टक् आलं तर धक्का नाही, रिक्षा करा आणि मला फोन करा. आई, हे तू लक्षात ठेव, बाबा विसरतील.

जुनी मोटर जिन्याखाली पोत्यात आहे, भंगारवाल्याला देऊ नका, नवे कार्बन घालून स्पेअर ठेवू. आईच्या चेकअपच्या आदल्या रात्री येतेच.

तुमची,
छोटी