डिसेंबरचे सिंगापूर आणि न सांगितलेला पाऊस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधीपासूनच वर्तमानपत्रांतून नाताळच्या सुटीतल्या परदेश सहलींच्या जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत सिंगापूर हमखास असते. निळेभोर आकाश, मर्लायनच्या, म्हणजे सिंहमुखी माशाच्या पुतळ्याच्या, तोंडातून पडणारी धार, पाठीमागे मरीना बे सँड्स हॉटेलच्या तीन मनोऱ्यांवर आडवी ठेवलेली ती प्रसिद्ध गच्ची आणि खाली दिवसवार कार्यक्रम. जैन जेवण मिळेल, हे त्यात ठळक अक्षरांत असते. डिसेंबर हा तिथल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे, हे मात्र कोणत्याही जाहिरातीत आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्या प्रवासविषयक पुरवण्यांतही क्वचितच वाचायला मिळते.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वा अंशावर आहे. तिथे हिवाळा-उन्हाळा असा भेद नाही. वर्षभर तापमान साधारण 24 ते 32 अंशांच्या दरम्यान असते आणि सूर्य बारा महिने सकाळी सातच्या सुमारास उगवून संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. ऋतू ठरतात ते वाऱ्यांनी. डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येणारे मोसमी वारे दक्षिण चीन समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन येतात आणि त्या एका महिन्यात तिथे सरासरी 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात वर्षभराचा पाऊस साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झोडपणारा पाऊसही ईशान्य मोसमी वाऱ्यांचाच असतो. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे स्वेटर, हुरडा आणि कोरडी हवा, त्यामुळे त्या महिन्यात छत्री बरोबर घ्यावी असे मराठी माणसाच्या मनातही येत नाही.

‘आग्नेय आशियात डिसेंबर उत्तम’ असे सरसकट विधान करण्यात तर फारच मोठी गफलत आहे. बँकॉकमध्ये डिसेंबर खरोखरच कोरडा आणि त्यातल्या त्यात सुखद असतो. पण त्याच थायलंडच्या आखातातल्या को समुई बेटावर वर्षअखेरीस पावसाळा असतो, आणि बालीमध्येही तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. एकाच पानावर, एकाच किमतीच्या आसपास, एकसारख्या निळ्या आकाशाखाली ही सगळी ठिकाणे छापली जातात.

आम्ही गेल्या डिसेंबरात कुटुंबासह एका समूहसहलीतून सिंगापूरला गेलो होतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नाही. मी नंतर चाळलेल्या बहुतेक कार्यक्रमपत्रिका अशाच होत्या. दुपारी सेंटोसा बेटावरचे उघड्यावरचे खेळ, संध्याकाळी उघड्या बोटीतून फेरी, असा क्रम ठरलेला. तिथला पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो, आणि विजांचा इशारा मिळताच उघड्यावरच्या राइड्स तात्पुरत्या थांबवल्या जातात, हे योग्यच आहे. पण मग चाळीस माणसे एका छपराखाली दाटीवाटीने उभी, मुले कुरकुरत आहेत, आणि सहल-व्यवस्थापक घड्याळाकडे बघत आहेत, कारण लिटल इंडियातल्या उपाहारगृहात जेवणाची वेळ ठरलेली आहे. (त्या शहरातली खुली खाद्यकेंद्रे, ज्यांच्या संस्कृतीची 2020 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद घेतली, ती आमच्या पत्रिकेत नव्हतीच.) सकाळी बाहेरचे, दुपारी छपराखालचे, एवढा साधा बदल केला असता तरी निम्मी चिडचिड टळली असती.

माझे खरे म्हणणे मात्र छत्रीपुरते नाही. पाऊस ही सिंगापूरच्या सहलीतली अडचण नसून, पाहणारा मुंबईचा असेल तर, ती त्या शहरात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आहे. 1822 च्या नगररचनेतच आधुनिक सिंगापूरचा संस्थापक, ब्रिटिश अधिकारी रॅफल्स याने प्रत्येक घरापुढे सलग, छपराखालचा पादचारी मार्ग ठेवण्याचा दंडक घातला होता. लिटल इंडिया आणि चायनाटाउनमधल्या जुन्या दुकान-घरांखालून आजही भर पावसात बरेच अंतर कोरडे चालता येते, आणि अलीकडे मेट्रो स्थानकांपासून वस्त्यांपर्यंत छप्पर घातलेल्या वाटांचे जाळे सरकारने विणले आहे. आपल्या दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानीही मुळात याच हेतूच्या. त्यांखालून सलग चालता येते का, हे वाचकांनीच सांगावे.

पाण्याची व्यवस्था याहून बोधक आहे. मरीना खाडीच्या मुखावर 2008 मध्ये बांधलेल्या बंधाऱ्याने, ज्याला तिथे मरीना बॅराज म्हणतात, पूर्वीची खारी खाडी हळूहळू गोड्या पाण्याचा जलाशय झाली. मुसळधार पाऊस आणि ओहोटी असेल तेव्हा त्याचे पोलादी दरवाजे उघडून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून प्रचंड पंपांनी ते बाहेर टाकतात. भरती आणि अतिवृष्टी एकत्र आल्यावर काय होते, हे 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडेही हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला येथे पम्पिंग स्टेशने झाली आहेत. तत्त्व तेच आहे. बॅराजच्या हिरवळीच्या छतावर लोक पतंग उडवतात, तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि आतल्या दालनात या साऱ्याची माहिती मांडलेली आहे. आमच्या पत्रिकेत त्याऐवजी तिसरा मॉल होता.

सिंगापूरलाही हे सारे पहिल्याच फटक्यात जमलेले नाही, आणि मला तर तेच अधिक महत्त्वाचे वाटते. नाताळच्या रोषणाईसाठी आपले पर्यटक ज्या ऑर्चर्ड रोडवर गर्दी करतात, तो रस्ता जून 2010 मध्ये पाण्याखाली गेला होता, आणि 2011 च्या नाताळाच्या दोनच दिवस आधी तिथल्या एका इमारतीच्या तळघरातली दुकाने पुन्हा पाण्यात गेली. त्यानंतर वरच्या अंगाला, बोटॅनिक गार्डनलगत, जमिनीखाली सुमारे 38,000 घनमीटरची साठवण टाकी आणि पाणी दुसरीकडे वळवणारा कालवा बांधण्यात आला. 2018 मध्ये ही कामे पूर्ण झाली. आपल्या मुंबई पालिकेने दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरातले पाणी उतरवण्यासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत टाक्या बांधल्या, त्यामागचा विचार वेगळा नाही. परळ-दादरच्या माणसाने ऑर्चर्ड रोडवरच्या दिव्यांखाली फोटो जरूर काढावा, पण आपण उभे आहोत तो रस्ता कोरडा का आहे, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. चांगी विमानतळावरच्या ‘ज्वेल’ या संकुलामधला 40 मीटर उंचीचा धबधबाही साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतो. आमच्या गटातले अनेकजण त्यासमोर तासभर रमले, आणि बाहेरच्या खऱ्या पावसाला मात्र आठवडाभर बोल लावत होते.

मुलांच्या शाळा, कार्यालयीन रजा आणि वर्षअखेरचा उत्साह यांमुळे बहुतेक कुटुंबांना डिसेंबरमध्येच जाणे सोयीचे असते, हे मला मान्य आहे. ज्यांना तारखा बदलता येतात त्यांनी फेब्रुवारीचा विचार करावा. तिथला तो सर्वांत कोरडा महिना आहे आणि वर्षअखेरीस चढलेले विमानभाडेही तोवर बरेच उतरते. ज्यांना बदलता येत नाहीत त्यांच्यासाठी सहल कंपन्यांनी कार्यक्रमाच्या शेजारी त्या महिन्याची सरासरी पावसाची नोंद छापावी, उघड्यावरची ठिकाणे सकाळी ठेवावीत आणि एखादी दुपार पूर्ण मोकळी सोडावी. आपल्या प्रवासपुरवणीनेही प्रत्येक ठिकाणाच्या लेखाखाली महिनावार पाऊस आणि तापमानाची दोन ओळींची चौकट द्यावी, अशी विनंती आहे. नाताळच्या सहलींचे आरक्षण बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, तेव्हा ही चौकट त्याआधी सुरू झाली तर यंदाच्या वाचकांनाही तिचा उपयोग होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
परळ, मुंबई