लेकीला घाणा बसवू दे

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेक नोकरी सोडून तुझ्या तेलगिरणीत आली याचा आनंद एका ओळीत, आणि ती तेल काढायच्या यंत्राशेजारी, तुझ्या एक्सपेलरशेजारी, लाकडी घाणा बसवू म्हणते याचा राग दोन पानं! घाण्यात तेल कमी निघतं, पेंडीत जास्त राहतं, हा तुझा हिशेब बरोबरच आहे. पण "मग आम्ही तीस वर्षं काय केलं?" हे वाचून मला आमचे आबा आठवले.

मी कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं मशीन आणलं, तेव्हा ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाचा, पहिला लॉट मी मोठ्या ऐटीत पाठवला. माप अगदी काट्यावर. पंधरा दिवसांत चाळीस नग परत आले. पंप थरथरतो, बेअरिंग जातं, अशी तक्रार. आबांनी एक इम्पेलर उचलला, दांड्यावर चढवला आणि दोन समतल पट्ट्यांवर ठेवला. तो हळूहळू फिरला आणि जड बाजू खाली येऊन थांबला. आबांनी तिथे खडूची खूण केली, ग्राइंडर लावला, पुन्हा ठेवला. ठेवू तिथे स्थिर राहीपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. ओतताना साच्यातला कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारा गाभा, सरकला असेल तर बाहेरून कितीही अचूक कापा, आतला तोल जमत नाही. हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तुझं मशीन राहू दे, पट्ट्या त्याच्या शेजारी मांड." आजही तिथेच आहेत.

मिरजेहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी लागली की मला नेहमी हेच आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. त्याच माणसाने मुलाला अमेरिकेत एमआयटीला शिकायला पाठवलं. शंतनुराव 1926 मध्ये पदवी घेऊन आले आणि 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. नांगर करणाऱ्या घराने पोराला इंजिन करू दिलं, हे मला नांगराइतकंच मोठं वाटतं.

एक्सपेलर मोडू नकोस. ती मोडायला सांगतही नाहीये. कोपऱ्यातली जागा दे, वर्षभर तिचा हिशेब वेगळा ठेव. आणि शेंगदाणा हातात घेऊन ओल कशी ओळखतोस, ते तिला रोज सकाळी दाखव. हे तिला दुसरं कोण शिकवणार?

रविवारी दोघं या. घाण्याच्या मोटरचं नि गिअरचं माप घेऊन ये, शाफ्ट मी करून देतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
लेथवाला