आधी उत्तरपत्रिका दाखवा, मग ग्रेड द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सून एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा ऐरोलीला नोकरी, संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून ठाण्याला येऊन कॉलेज, आणि रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजत अभ्यास. तिचं विद्यापीठ कोणतं ते मी इथे लिहीत नाही. तिचं एक सेमिस्टर अजून बाकी आहे आणि मला घरात राहायचं आहे.

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे ‘राखीव’ असं आलं. का, तर एका विषयाचे इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजने स्वतः द्यायचे, गुण कॉलेजने वेळेत चढवले नव्हते. ते चढेपर्यंत बारा दिवस गेले. मग गुणपत्रिका दिसली, तर अर्थमितीत इंटर्नल ५० पैकी ३६ आणि लेखी ५० पैकी २३. एकूण ५९. हा तिचा सगळ्यात पक्का विषय. वर्गातल्या निम्म्या मुली तिच्याकडून समजून घेतात. ती मला म्हणाली, “बाबा, पेपर वाईट गेला असता तर मी कळवळले नसते. मला आकडाच पटत नाहीये.”

मी बँकेत ३३ वर्षं काढली. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तरी आम्ही अख्खी शाखा थांबायचो, व्हाउचर उलटून पालटून पाहायचो. त्यामुळे ‘आकडाच पटत नाही’ हे वाक्य माझ्या कानाला चांगलं ओळखीचं आहे. म्हटलं, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी माग. ती म्हणाली, मुदत संपली. निकाल लागल्यापासून दहा दिवसांत ऑनलाइन अर्ज करायचा होता, आणि त्या दहा दिवसांत हिचा निकालच नव्हता! मदत कक्षाला फोन केला तर उत्तर आलं, “लिंक बंद झाली आहे.” लिंक उघडते कोण आणि बंद करते कोण, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

शेवटी मी कोर्टनाक्यावर जाऊन दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला आणि तिच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. इथे वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पदव्युत्तरच्या अनेक मुलांना हे ठाऊक नसतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच सांगितलं. प्रकरण सीबीएसईचं होतं. पुढे २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की संस्थेची स्वतःची फी आणि स्वतःची पद्धत खुशाल असू दे. पण विद्यार्थ्याने माहिती अधिकाराच्या वाटेने मागितलं तर फी त्या कायद्याप्रमाणेच. म्हणजे आपल्याकडे अर्जाला दहा रुपये आणि पानाला दोन रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

आलं. अठ्ठाविसाव्या दिवशी आलं हे प्रांजळपणे सांगतो, तेवढ्यापुरती त्या कार्यालयाला दाद देतो. २४ पानांची मुख्य उत्तरपत्रिका आणि चार पानांची पुरवणी, छप्पन रुपये.

जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी पानं मांडली. आता तपासणी कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे लाल शाईच्या खुणा नाहीत, पडद्यावर उठवलेल्या बरोबरच्या खुणा छापून येतात. पहिला प्रश्न, खुणा आहेत. दुसरा, तिसरा, आहेत. मुख्य उत्तरपत्रिका संपली आणि पुरवणी सुरू झाली, तिथून पुढे चारही पानं धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. एक खूण नाही. वरच्या तक्त्यात चौथ्या प्रश्नासमोर लिहिलं होतं ‘एन. ए.’. म्हणजे सोडवलेलाच नाही. सूनबाईने त्या पुरवणीत दीड पान गणित, एक आलेख आणि शेवटी चौकटीत उत्तर लिहिलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त आलेखाच्या अक्षांची नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

फोटोकॉपी जोडून चूकदुरुस्तीचा अर्ज केला. दोन खेपा झाल्या. दहा गुणांच्या त्या प्रश्नाला सात मिळाले, ५९ चे ६६ झाले. प्रकरण मिटलं, असं कुणी म्हणेल. पण त्या सात गुणांचं पुढे काय झालं ते पाहत गेलो, तेव्हा मला खरी गोम कळली, आणि त्यासाठीच हे पत्र.

तिच्या कोष्टकात ५५ ते ५९ ला सात ग्रेड पॉइंट आणि ६० ते ६९ ला आठ. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. विषय चार क्रेडिटचा, सेमिस्टर २२ क्रेडिटचं. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, काढायची रीत सोपी आहे, पॉइंटला क्रेडिटने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. सातचे आठ झाले की चार भागिले बावीस, म्हणजे ०.१८ ने एसजीपीए वाढतो. ते सगळं वाढणं ५९ वरून ६० वर जाताना झालं. साठच्या पुढचे सहा गुण हवेत विरले. आता उलट धरा. तिला आधी ६२ मिळाले असते आणि सात वाढून ६९ झाले असते, तर ग्रेड तसूभर हलली नसती. ती फोटोकॉपीच्या भानगडीत पडलीच नसती आणि न तपासलेली पुरवणी कायमची गठ्ठ्यात राहिली असती. अशा किती पुरवण्या गठ्ठ्यात असतील? ग्रेड ही चुका झाकणारी चादर आहे. विद्यार्थ्याचा एका गुणाचा छळ कमी व्हावा म्हणून ती आणली, आणि नेमकी काठावरच्या विद्यार्थ्याला एका गुणाची किंमत दसपट झाली.

ग्रेडला माझा विरोध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचं दहाचं कोष्टक आहे, ‘ओ’ ला दहा, ‘ए प्लस’ ला नऊ, तिथपासून ‘पी’ ला चार आणि नापासाला शून्य. कोणत्या गुणांना कोणती ग्रेड, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. आणि मग पीएच. डी. चा अर्ज भरताना, सहायक प्राध्यापकाची जाहिरात वाचताना, सगळीकडे विचारतात काय? एम. ए. ला ५५ टक्के आहेत का? ‘किंवा समकक्ष ग्रेड’ असं पुढे लिहिलेलं असतं, पण ती समकक्षता खिडकीवरचा माणूस सांगेल तशी.

मी रिकामा माणूस, कागद घेऊन बसलो. समजा एका मुलीला प्रत्येक विषयात बरोबर ५५ गुण आहेत. सूनबाईच्या कोष्टकाने तिचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, सात. काही ठिकाणी सरळ दहाने गुणतात, झाले ७० टक्के. तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्राने आधी पाऊण वजा करून मग दहाने गुणायचं, झाले साडेबासष्ट. तिचे खरे टक्के पंचावन्न. एकच मुलगी, एकच मेहनत, तीन टक्केवाऱ्या. आमच्या बँकेत एका खात्याला तीन शिल्लक दाखवल्या असत्या तर ऑडिटरने आम्हाला उभं केलं असतं. गुणपत्रिकेच्या मागेच प्रत्येक विद्यापीठाने आपलं सूत्र आणि खरे गुण दोन्ही छापावेत, यावर फार बोलायची गरज नाही.

इंटर्नलबद्दल एक कंस उघडतो. सूनबाईच्या वर्गात बहुतेकांना ३५ ते ४० च्या दरम्यान गुण आहेत. रोज येणारी, न येणारी, नेटवरून प्रकल्प उतरवणारी, सगळी एकाच पंगतीत. कुणाचं वाईट करायचं नाही हा शिक्षकांचा चांगुलपणा समजतो, पण मग सगळा निवाडा उरलेल्या पन्नासांवर येतो. आणि त्या पन्नासांतले दहा कुणी पाहिलेच नाहीत. कंस बंद.

माझी मागणी एकच आहे. पदव्युत्तर वर्गात मुलं असतात किती? सूनबाईच्या विषयाला एकोणीस. बी. कॉम. सारखे हजारोंचे गठ्ठे नाहीत हे. तपासणी पडद्यावर होते, म्हणजे प्रत्येक पान आधीच स्कॅन झालेलं आहे. मग निकाल पक्का होण्याआधी तीन दिवस प्रत्येकाला त्याच्या लॉगिनवर त्याची उत्तरपत्रिका मोफत उघडून द्या. बेरीज चुकली, पान सुटलं, पुरवणी राहिली, एवढंच विचारायची मुभा द्या. ‘मला जास्त हवे होते’ ही तक्रार तिथे घेऊ नका, त्यासाठी पुनर्मूल्यांकन आहेच. पवईच्या आयआयटीत परीक्षेनंतर तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांना दाखवायची पद्धत जुनी आहे. तिथलं आकाश कोसळलेलं नाही, आणि पवई ठाण्याहून काही फार लांब नाही.

यावर एका ओळखीच्या प्राध्यापिकेने मला सुनावलं, तेही लिहितो. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणाल्या, “काका, सुट्टीत घरचं नेट वापरून आम्ही तपासतो. पेपरमागे मिळतं ते चहा-वड्यात जातं, तेही वर्षभराने. आणखी तीन दिवस शंका कुणी ऐकायच्या?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. तपासणाऱ्याला वेळेवर आणि माणसासारखं मानधन मिळालं पाहिजे. पण एकोणीस मुलांतल्या दोघा-तिघांची शंका आज सुटायला दहा मिनिटं लागतील. तीच दोन महिन्यांनी सुटताना माहिती अधिकारी, परीक्षा विभाग, दुसरा परीक्षक आणि नवी गुणपत्रिका छापणारा असे चार जण कामाला लागतात. आमच्या प्रकरणात लागले.

निकाल यामुळे लांबेल, हा दुसरा आक्षेप. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सांगतो, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावा. नाही जमलं तर कारणांचा अहवाल कुलपतींना आणि सरकारला द्या. या ४५ दिवसांत तीन दिवस सापडू नयेत? २०१७ साली मुंबई विद्यापीठात पडद्यावरची तपासणी घाईघाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना जावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या गोंधळातून स्कॅनिंगची यंत्रणा तरी टिकली. ती परीक्षकाच्या सोयीची झाली आहे, आता जरा परीक्षार्थीच्याही सोयीची होऊ दे.

परवा सूनबाईचा शेवटच्या सेमिस्टरचा पहिला पेपर झाला. मुख्य उत्तरपत्रिका भरली, पुरवणी घेतली. शेवटच्या पानावर तिला लिहायचं होतं, ‘पुढील उत्तर पुरवणीत आहे, कृपया पाहावे’. पण परीक्षकाला उद्देशून विनंती लिहिणं हा गैरप्रकार, असं उत्तरपत्रिकेवरच्याच सूचनांत छापलेलं आहे. म्हणून तिने हात वर करून पर्यवेक्षक बाईंना विचारलं. त्यांनी सूचना दोनदा वाचल्या, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “लिही. फक्त ‘कृपया’ खोड.”

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नौपाडा, ठाणे