दांडी आधी जमिनीवर ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे आणि गाढवांच्या बाजारासोबत तिथे श्वान प्रदर्शनही असते, आणि ज्या देवासोबत कुत्रा असतो त्याच्या यात्रेत ते शोभूनही दिसते. अलीकडे नांदेड, लातूर, परभणीकडच्या तरुण मुलांना कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीची, म्हणजे अ‍ॅजिलिटीची, हौस लागली आहे. मोबाइलवर परदेशातली शर्यत बघायची, रिकाम्या प्लॉटवर विटांच्या दोन थप्प्या रचायच्या, वर बांबू टाकायचा आणि आठ महिन्यांच्या पिल्लाला त्यावरून उडवायचे, असे गावोगावी चालते. हौस उत्तम आहे, पण सुरुवात उलट्या टोकाने होते आहे. त्यात कुत्र्यांचे खांदे आणि गुडघे कायमचे जातात, म्हणून हे पत्र.

हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. घोड्यांच्या शो-जंपिंगवरून तो बेतलेला होता, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यात उडीच भरते. प्रत्यक्षात शर्यत हरली जाते ती वळणावर, कुत्र्याने चढून उतरायच्या फळीच्या टोकाला आणि नागमोडी खांबांत, म्हणजे ज्या ओळीतल्या खांबांमधून त्याने एकदा या, एकदा त्या बाजूने वळत जायचे तिथे. आंतरराष्ट्रीय नियमांत खांद्याशी ४८ सेंमी किंवा जास्त उंच कुत्र्यासाठीही उडीची दांडी ५५ ते ६० सेंमीवरच असते. दांडी पडली की ५ दोष, म्हणजे दंडाचे गुण. फळीच्या रंगवलेल्या पट्ट्याला पाय न लावता उडी मारली तरी ५ दोष. अडथळा नाकारला तर ५, आणि तिसऱ्या नकाराला कुत्रा बाद. मालकाने कुत्र्याला हात लावायचा नाही आणि हातात खाऊ किंवा खेळणे ठेवायचे नाही. म्हणजे मैदानात जे दिसते ते सगळे घरी रुजलेले असावे लागते.

वयाबद्दल आग्रह धरावाच लागेल. या नियमांनुसार १८ महिन्यांखालचा कुत्रा स्पर्धेत उतरत नाही, आणि त्याला कारण आहे. हाडांच्या टोकाला वाढीची मऊ कूर्चा असते. मोठ्या चणीच्या कुत्र्यात ती पक्की व्हायला सव्वा ते दीड वर्ष लागू शकते. तोपर्यंत उंचावरून पुढच्या पायांवर आदळणे म्हणजे त्या कूर्चेवर घाव घालणे. लंगडणे लगेच दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी दिसते, आणि मग दोष जातीला दिला जातो. वय ठरवताना दातांवर जाऊ नका, कारण पक्के दात सहा-सात महिन्यांतच येऊन जातात. लसीकरणाच्या पुस्तिकेवरची तारीख बघा. पिल्लू लहान आहे म्हणून वर्षभर बांधून ठेवा असे मात्र नाही. दांडी जमिनीवर ठेवून तिच्यावरून पळवणे, सरळ बोगद्यातून काढणे, आपल्या डाव्या-उजव्या बाजूने वळवणे, हाकेला माघारी आणणे हे सगळे चौथ्या महिन्यापासून करता येते. शर्यतीचा निम्मा अभ्यास इथेच होतो.

दुसरी गोष्ट जमीन. मैदान २० बाय ४० मीटर हवे, म्हणजे जेमतेम आठ गुंठे. आपल्याकडे ते सहज मिळते, पण काळी माती पावसाळ्यात पायाला गोळा होऊन चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत नख अडकले की बोट निखळते. मुरमाच्या प्लॉटवर पंजाची गादी सोलते आणि उडीचा दणका थेट सांध्यात जातो. सगळ्यांत चांगली हरळीची कापलेली हिरवळ. ती नसेल तर काळ्या रानाला हलके पाणी द्या, वखरून हलका रूळ फिरवा आणि वापसा आला की सराव घ्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. खाली पडून फुटला तर जमीन तयार आहे, चपटा झाला तर अजून ओल जास्त आहे. पेरणीची ही पारख कुत्र्याच्या पायालाही लागू पडते. सरावाआधी मैदान एकदा पायी फिरून सराटे वेचा. गवत कुसळावर आले असेल तर सरावानंतर बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा. आत शिरलेले कुसळ मागे येत नाही, पुढेच सरकत जाते.

साहित्य विकत आणायची गरज नाही, पण जुगाड विचारपूर्वक हवा. उडीच्या दांडीसाठी एक इंची पीव्हीसी पाइप सव्वा मीटर लांब कापा. बांबू नको. तो जड असतो, आणि पेरांमुळे खोबणीत अडकून कुत्र्यालाच पाडतो. पाइपचाच तुकडा उभा चिरून अर्धगोल खोबणी करा आणि दांडी नुसती टेकवा. धक्का लागताच ती कुठल्याही बाजूने पडली पाहिजे. खिळा, तार, सुतळी यांनी बांधलेली दांडी हा अपघातच समजा. नागमोडी खांबांसाठी हाच पाइप एक मीटर उंच घ्या. जमिनीत दहा-बारा मिमीची सळई ठोका आणि तिच्यावर पाइप चढवा. दोन खांबांत अंतर ६० सेंमी, एकूण खांब १२. ठिबकच्या १६ मिमी नळ्या रोवण्याचा मोह होतो, पण लवचीक नळी अंगाला लागून उलटी डोळ्यावर येते. बोगद्यासाठी २०० लिटरची प्लॅस्टिकची पिंपे दोन्ही तोंडे कापून जोडता येतात. मात्र रसायनाची पिंपे घेऊ नका, कापलेल्या कडांवर चिरलेली नळी बसवा, आत रबरी पट्टी अंथरा आणि दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावा. हललेल्या बोगद्यात कुत्रा दुसऱ्यांदा शिरत नाही. फळ्यांवर रंगात वाळू मिसळण्याची पद्धत जुनी आहे. तिने घसरणे थांबते पण गाद्या सोलतात. त्यापेक्षा बारीक रबराचा भुगा चिकटवा.

झुलत्या फळीची, म्हणजे सी-सॉची, एक परीक्षा घरी करता येते. फळी साधारण ३.६० मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद, मधला टेकू जमिनीपासून ६० सेंमी. जे टोक खाली यायचे त्या अर्ध्या भागाच्या मध्यावर किराणा दुकानातले एक किलोचे माप ठेवा. फळी दोन ते तीन सेकंदांत खाली टेकली पाहिजे. बाभळीच्या जाड फळीला वेळ लागतो, आणि हलक्या अंगाचा कुत्रा टोकाला जाऊन अधांतरी उभा राहतो. मग घाबरून वरूनच उडी टाकतो. कुत्र्याला भीती उंचीची नसते, पायाखालची फळी हलण्याची आणि तिच्या आवाजाची असते. म्हणून पहिले आठ दिवस फळीवर चढवूच नका. टोकाखाली विटा रचा, फळी चार बोटे हलेल इतकीच ठेवा, कुत्र्याला स्वतःच्या पंजाने ती खाली दाबू द्या आणि ‘धप’ झाले की खाऊ द्या. आवाज म्हणजे खाऊ हे पक्के झाले की एकेक वीट काढा.

उंच फळीच्या टोकाचा शेवटचा ९० सेंमी पट्टा वेगळ्या रंगाचा असतो. तिथे पाय लागावा म्हणून मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायला शिकवतात. हे शेवटाकडून शिकवावे. आधी डब्याच्या झाकणाला नाक लावायला शिकवा. मग झाकण फळीच्या टोकापुढे वीतभर अंतरावर ठेवा, कुत्र्याला उचलून शेवटच्या पट्ट्यावर सोडा आणि तिथून दोन पावले उतरून नाक लावू द्या. हे दहापैकी नऊ वेळा जमले की मगच मागून, आणखी मागून सुरुवात करा. झाकण हळूहळू कापून लहान करत न्या आणि शेवटी काढून टाका. ‘चल’ म्हटल्यावरच कुत्र्याने निघायचे. इथे बहुतेकांची एकच चूक होते: ‘चल’ म्हणताना ते स्वतःही पाऊल टाकतात. कुत्रा शब्द नाही, पाऊल शिकतो. मग स्पर्धेत मालक धावत असतो आणि कुत्रा पट्ट्याच्या वरूनच सुटतो. शब्द आधी, पाऊल नंतर, मध्ये एक श्वास जाऊ द्या.

नागमोडी खांबांना सर्वांत जास्त वेळ लागतो. दोन ते तीन महिने धराच, आणि हे मणक्याला पीळ देणारे काम असल्याने दीड वर्षाआधी पूर्ण वळणे नकोत. सम-विषम खांब एकमेकांपासून बाजूला सरकवून मध्ये ४५ ते ५० सेंमीची गल्ली करा. कुत्रा त्यातून सरळ पळत जाईल. तीन दिवस वेग कमी झाला नाही तर गल्ली पाच सेंमीने आवळा. वेग मंदावला तर एक पायरी मागे या. गल्ली वीतभर राहिली की अंग वळवावे लागते, तिथून पुढे दोन-दोन सेंमीच. नियमानुसार पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला असतो, म्हणून समोरून, तिरके, दोन्ही बाजूंनी असे वेगवेगळ्या कोनांतून आत शिरण्याचा सराव घ्या. कुत्रा दहाव्या-अकराव्या खांबाला बाहेर पडत असेल तर दोष बहुधा खाऊ देणाऱ्या हाताचा असतो. मालक शेवटी थांबून वाकतो आणि कुत्रा हाताकडे बघत खांब सोडतो. खाऊ हातातून देऊ नका, शेवटच्या खांबाच्या पुढे सरळ रेषेत फेका. एका वेळी पाच-सहा फेऱ्या पुरे.

आता कारवानी आणि पश्मी यांच्याबद्दल. ही आपल्या भागातली कुत्री आहेत आणि त्यांच्यावर परदेशी मेंढपाळ कुत्र्यांची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. कारवानी लांब अंगाचा आणि सरळ धावणारा. ६० सेंमीची दांडी त्याला उडी वाटतच नाही. पण ६० सेंमीच्या बोगद्यात त्याला वाकावे लागते आणि ६० सेंमी अंतराच्या खांबांत अंग घालताना अवघडायला होते. कातडी इतकी पातळ की तारेच्या एका टोकाने वीतभर फाटते. म्हणून खांबांना तारा लावून वाट दाखवण्याची पद्धत या कुत्र्यांना वापरू नका. ओरडले की मिटून जातात, आणि तीच गोष्ट सहाव्यांदा सांगितली तर मान फिरवून निघून जातात. याला हट्टीपणा म्हणणे अन्याय आहे. त्यांची बांधणी एका दमात जीव तोडून पळण्याची आहे. तीन-चार फेऱ्या घ्या आणि बक्षीस म्हणून काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधून पाठलाग करू द्या. खाऊपेक्षा चिंधी त्यांना प्यारी. हाकेला परत येणे पक्के होईपर्यंत कुंपणाबाहेर सोडू नका. ससा दिसला तर शर्यत तिथेच संपते, आणि सशावर कुत्री सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. या कुत्र्यांच्या पायांना कायदेशीर काम द्यायचे असेल तर हा खेळ उत्तम आहे. गावठी कुत्र्यांचे तर विचारूच नका: मध्यम उंची, घट्ट पंजे, उन्हाची सवय आणि चटकन वळणारे अंग. त्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही.

खाऊ म्हणजे मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी, हरभऱ्याएवढे तुकडे. एका बैठकीला तीस-चाळीस तुकडे आणि तेवढे जेवण कमी. भरल्या पोटी पळवू नका, जेवण आणि सराव यांत तीन तास जाऊ द्या. मोठ्या छातीच्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडू शकतो आणि तो काही तासांत जीव घेतो. मार्चपासून सराव सूर्योदयाच्या सुमारास, कारण दिवसभर तापलेला मुरूम दिवेलागणीलाही चटका देतो. हाताची उलटी बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता आली नाही तर घरी परता. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन लालभडक झाली, लाळ चिकट झाली, चाल डळमळली की पाणी ओतत, वारा घालत तडक डॉक्टर गाठा. नेहमीचा चपळ कुत्रा सुस्तावला तर आळशी म्हणून दटावू नका. गोचिडांचा ताप आपल्याकडे घरोघर आहे, रक्त तपासून घ्या.

यात्रेच्या आयोजकांना आणि पशुसंवर्धन विभागाला विनंती अशी की, यंदा श्वान प्रदर्शनासोबत अडथळा शर्यतीचे एक लहान प्रात्यक्षिक ठेवावे. पाच उड्या, एक सरळ बोगदा, जमिनीलगतची फळी आणि गल्लीतले सहा खांब पुरेत. दोन अडथळ्यांत ५ ते ७ मीटर अंतर असावे. सगळ्या दांड्या कुत्र्याच्या कोपरापेक्षा खाली ठेवाव्यात आणि दीड वर्षाखालच्या कुत्र्यांसाठी त्या जमिनीवरच असाव्यात. साखळी आणि फास पट्टा आत येऊ देऊ नये. वेळ सकाळी नऊच्या आतली ठेवावी आणि हलगी, भोंगे, फटाके रिंगणापासून लांब राहतील असे बघावे. रिंगणाला कमरेएवढी जाळी, सावलीत पाण्याचे टाके आणि हाताशी एक पशुवैद्यक एवढी सोय झाली, तर हौशी पोरांना योग्य सुरुवात मोबाइलऐवजी डोळ्यांसमोर दिसेल.

आपला,
एक श्वानप्रेमी वाचक, ता. लोहा, जि. नांदेड