बंदीच्या दोन महिन्यांत बालवाडीत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यावर बालवाड्या सुरू होतील. किनाऱ्यावरच्या गावांत पहिली खरेदी बहुधा प्लास्टिकच्या घसरगुंडीची आणि अक्षरे गिरवायच्या वह्यांची होईल. त्याआधी पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि एरवी मुलाला झोपलेलेच पाहणारा बाप दिवसभर घरी. नवे मूल रडत बालवाडीत येते तेही नेमके याच दिवसांत. वडिलांनी त्याला दारात सोडून परत फिरू नये. आत येऊन बसावे आणि येताना जाळे आणावे.

जुन्या, जाड सुताच्या जाळ्याचा तुकडा ३ बाय २ फुटांच्या बांबूच्या चौकटीवर ताणून बांधावा. आस, म्हणजे जाळ्याचे भोक, दीड-दोन इंचांची असावी. मुलाच्या हाती हातभर सुंभ (काथ्याची दोरी) द्यावा, त्याचे टोक मेणात बुडवून कडक केलेले. म्हणजे ते आसांतून खाली-वर ओवता येते. सुंभ याहून लांब असला की गुंता होतो आणि मूल काम टाकून उठते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, बोटे कापतो, तो वापरू नये. जाळे सैल टांगले तर मुले त्यात मान घालतात, म्हणून चौकटीवरचा ताण रोज तपासावा आणि ओवणे चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने शेजारून हलू नये. वडील शेजारी बसून आपले जाळे सांधत असतील तर मुलाला वेगळे काही शिकवावे लागत नाही, ते त्यांचे हात पाहत राहते.

गिरवण्याआधी ओवणे का, असे पालक विचारतात. मनगटात ८ हाडे असतात. ३ वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यांतली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असतात. बोटांनाही अजून बळ आलेले नसते. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळते, खांद्यापासून जोर लावते आणि पाच मिनिटांत दमते. घरचे त्याला आळशी ठरवतात, हे आम्हाला फार लागते. ओवणे, चिकण माती मळणे, ओला फडका पिळणे ही कामे वर्षभर झाली तर बोटांत ताकद येते आणि पेन्सिल पुढे सहज धरली जाते.

घसरगुंडीच्या पैशांत वाळूचा हौद होतो. पडवीच्या छपराखाली आतून ८ बाय ६ फूट जागा घेऊन चिऱ्याचे दोन थर रचावेत. तळाशी ३ इंच खडी, तिच्यावर गोणपाट आणि वर ९ इंच वाळू. गोणपाट नसेल तर खडी वर येते आणि गुडघे सोलतात. वाळू ३६ घनफूट लागते, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. ती नदीची, चाळलेली घ्यावी. समुद्राच्या वाळूतले मीठ हवेतला ओलावा धरते. ती पावसाळाभर सुकत नाही, अंगाला खाजते, शिवाय किनाऱ्यावरून ती उचलणे बेकायदेशीर आहे. रात्री हौदावर माडाच्या पात्यांचे विणलेले झाप टाकावेत, नाहीतर मांजरे घाण करतात. ताडपत्रीखाली वाळू कुबट होते. उरलेले चिरे आणि पालापाचोळा हौदाजवळ रचू नये, तिथे फुरसे हा विषारी साप दडतो. मुले येण्याआधी दाताळ्याने वाळू वरखाली करून बघावी.

खेळायला करवंट्या, सुपारीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद पोय), शहाळ्याची सोडणे (वरची साले) पुरेशी आहेत. करवंटीची धार जांभ्या दगडावर घासून मोडावी. सव्वा इंचाहून लहान वस्तू ३ वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोच, चिंचोकेसुद्धा नाकात जातात. गुंज चावली गेली तर जिवावर बेतते आणि काजूच्या कच्च्या बीचे तेल कातडी भाजते. या दोन्ही वस्तू आवारातही नकोत.

आयांना बोलावताना त्यांचे काम पाहावे. मासे विकणाऱ्या आईला सकाळी दहाची सभा जमत नाही आणि मार्च ते मे आंब्याच्या कामातून कोणालाच सवड नसते. संध्याकाळी अर्धा तास पुरतो. आजीने झाप विणायला शिकवावे, गोष्ट सांगावी, तीही घरच्या बोलीतच.

हे सगळे परदेशातून आणलेले खूळ आहे, असे कोणी म्हणू नये. याच किनाऱ्यावर, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला, शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून हे काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ हा खेळातून शिकण्याचाच टप्पा मानते.

पावसाळ्यात मुलांना समुद्रावर अजिबात नेऊ नये. ऑक्टोबरनंतर ओहोटीच्या वेळी न्यावे, चार मुलांमागे एक मोठे माणूस, आणि ओल्या वाळूच्या पुढे कोणी जाऊ नये. इथे एक चूक हमखास होते. दर शनिवारी दहा वाजता, असा फेरा ठरवला जातो. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळपास सहा तासांनी. या शनिवारी दहाला ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी भरती असते. म्हणून दिवस आणि वेळ तिथी पाहून मच्छीमार पालकांनीच ठरवावी.

आपल्या,
किनारपट्टीवरील काही बालवाडी शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी